डोळ्यांचे प्रश्न: कधी थांबता येतं, कधी धावत जायचं

सोयाबीनची सोंगणी आटोपून मळणी सुरू झाली की आमच्याकडे डोळ्यांबद्दलच्या पत्रांची संख्या वाढते. यंदाच्या पत्रांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं आमच्या नेत्रतज्ज्ञ मंडळाची आहेत.

प्रश्न: थ्रेशरवर मळणी करताना उजव्या डोळ्यात कुटाराचं कुसळ गेलं. डोळा धुतला, कुसळ निघालं असं वाटलं. मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकला तर दोन दिवस छान वाटलं. आज पाचवा दिवस आहे. डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही, पाणी वाहतं आणि बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसतो. तोच ड्रॉप चालू ठेवू का?
(शेतकरी, जि. वाशीम)

उत्तर: तो ड्रॉप लगेच बंद करा, बाटली खिशात घाला आणि आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, हे आम्ही तुम्हाला फोनवर कळवलंच होतं. बाकीच्यांसाठी इथे सविस्तर लिहितो, कारण विदर्भात कष्ट करणाऱ्या माणसाचा डोळा जाण्याची ही फार नेहमीची वाट आहे आणि ती अडवता येते.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा घड्याळाच्या काचेसारखा स्वच्छ असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. पण त्याच कारणाने जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी तिथे उशिरा पोचतात. कुटार, तुराटी, पऱ्हाटी, धानाचं पातं, उसाचं पातं या सगळ्यांवर बुरशी असते. पडद्यावर ओरखडा पडला की ती आत शिरते. साधा, स्वच्छ ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. बुरशीची जखम सुरुवातीला फारशी दुखत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर जोर धरते आणि मग पांढरा ठिपका दिसू लागतो. म्हणून एक नियम पाठ करा: काडी-कचरा लागल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास कमी व्हायला हवा. कमी न होता वाढला, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता तुम्हाला दोन दिवस बरं का वाटलं, ते पाहू. मेडिकलवर मिळणाऱ्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं लगेच उतरतं, पण डोळ्याची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. बाटलीवर औषधांची नावं बारीक अक्षरांत असतात, ती वाचायला शिका. ज्या नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘लोन’ येतं (डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन), ते स्टेरॉइड. लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट हीसुद्धा त्याच घरातली. मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही साधी अँटिबायोटिक आहेत. ती बुरशी वाढवत नाहीत, पण मारतही नाहीत. डोळ्याला काडी लागली आहे आणि दुकानदाराने ‘सोन-लोन’चा थेंब पुढे केला, तर घेऊ नका. दुकानदाराचा हेतू वाईट नसतो. लाली उतरवणारं औषध मागितलं की तो तेच देतो.

दवाखान्यात डॉक्टर नारिंगी कागदी पट्टीचा रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात पाहतात. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. ठिपका असेल तर तो भाग बधिर करून किंचित खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे की जिवाणू ते बघतात. ही तपासणी औषध सुरू करण्याआधी झाली तर निदान नेमकं होतं. बुरशीसाठी बहुधा नॅटामायसिन 5 टक्के हा थेंब देतात, सुरुवातीला दर तासाला. हे औषध पांढरं आणि दाट असतं, दरवेळी बाटली हलवूनच टाकायचं. उपचार काही आठवडे चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक दिसत नाही म्हणून लोक औषध सोडतात आणि नेमका तिथेच डोळा हातचा जातो. वेळेत बरं झालं तर लहानसा डाग राहतो. उशीर झाला तर बुबुळावर फूल पडतं, आणि मग हा पारदर्शक पडदाच बदलण्याशिवाय मार्ग राहत नाही.

कचरा गेल्यावर घरी काय करावं? चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार सोडत डोळ्याची उघडझाप करा. कण पांढऱ्या भागावर किंवा पापणीच्या आत दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कापसाच्या टोकाने टिपा. कण बुबुळावर रुतलेला असेल तर हातच लावू नका. काडीपेटीची काडी, पदराचं टोक, फुंकर, आणि गावात ‘जिभेने कचरा काढणाऱ्या’ बाया, हे सगळं टाळा. तोंडात जंतूंची वस्ती असते. बाळंतिणीचं दूध, शेळीचं दूध, मध, कुठल्या पाल्याचा रस, काहीही घालू नका. रुईचा चीक तर डोळ्याच्या जवळही नेऊ नका. त्याने पडदा आतून खराब होतो आणि दुखत नसल्यामुळे माणूस गाफील राहतो. काडी लागलेल्या डोळ्यावर घट्ट पट्टीही बांधू नका.

बाजूने झाकणारे पारदर्शक प्लास्टिकचे गॉगल हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळतात. थ्रेशरवर जितके हात, तितके गॉगल घ्या. नेहमीचा चष्मा पुरत नाही. कुसळ बाजूने येतं.

प्रश्न: आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शेजारी म्हणतात, पिकू द्या, आणि ऑपरेशन थंडीतच करा. आईला शुगर आणि बीपी आहे. वय 68. थांबावं का?
(वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायचे दिवस गेले. पूर्वी पूर्ण पिकलेला मोतीबिंदू अख्खा बाहेर काढत आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा देत, त्या काळातला तो सल्ला आहे. आता डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवतात. आई स्वयंपाक करताना मीठ-साखर ओळखत नसेल, पायरी चुकत असेल, तांदळातले खडे दिसत नसतील, तर वेळ झाली आहे. फार पिकला तर तो कडक होतो, ऑपरेशन अवघड जातं. शिवाय पिकून फुगलेला किंवा गळू लागलेला मोतीबिंदू डोळ्याचा दाब अचानक वाढवतो. तेव्हा डोळा लाल होतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात. घरचे पित्त समजून गोळी देतात आणि तेवढ्यात डोळ्याची नस कायमची मरू शकते.

ऋतूचा प्रश्न नाही. जंतू रोखायचे ते ऑपरेशनच्या खोलीत, आणि ती एप्रिलमध्येही तितकीच निर्जंतुक असते. उन्हाळ्यात घाम आणि धूळ जास्त, म्हणून घरी काळजी थोडी जास्त घ्यायची, एवढंच.

कोणत्याही थेंबाने, गोळीने किंवा अंजनाने मोतीबिंदू विरघळत नाही. अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा.

ऑपरेशन दोन पद्धतींनी होतं. सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून बिनटाक्याचं हाताने, किंवा तीन मिलिमीटरपेक्षा लहान छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या फेको यंत्राने. फार पिकलेल्या मोतीबिंदूला पहिली पद्धत उत्तम, आणि अनुभवी हातात दोन्हींनी नजर चांगली येते. फेकोचे पैसे नाहीत म्हणून ऑपरेशन लांबवू नका. लेन्सचा नंबर आधी यंत्राने मोजतात, तो नीट मोजला जाणं हे लेन्सच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. साधी लेन्स दूरच्या नजरेसाठी असते, म्हणून वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. त्याने ‘ऑपरेशन बिघडलं’ असं समजू नये.

जाण्याआधी आईची साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणा. किती असावं ते ऑपरेशन करणारे डॉक्टर ठरवतील. गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. पुरुष रुग्णांनी एक गोष्ट आठवणीने सांगावी: लघवीसाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल तर बाहुली ऑपरेशनमध्ये नीट मोठी राहत नाही. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीने बसतो. डोळ्यातून चिपडं येत असतील किंवा दात सुजला असेल तर तेही आधी सांगा.

ऑपरेशननंतर थेंब साधारण सहा आठवडे चालतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी, असा बहुधा क्रम असतो. या थेंबात स्टेरॉइड असतं आणि इथे ते योग्यच आहे. पण उरलेली बाटली पुढे घरातल्या कुणाच्या लाल डोळ्यात टाकायची नाही. डोक्यावरून अंघोळ, चुलीपुढे बसणं, गोठा झाडणं, जड ओझं हे दोन-तीन आठवडे बंद. अंघोळ गळ्याखालून. रात्री प्लास्टिकची ढाल लावून झोपायचं, झोपेत हात लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून केव्हाही दुखणं वाढलं, नजर आधीपेक्षा कमी झाली किंवा पू आला, तर त्याच दिवशी परत जायचं, रात्र काढायची नाही. आत संसर्ग झाला असेल तर काही तासांच्या उशिरानेही फरक पडतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर घाबरू नका. लेन्समागच्या पापुद्र्यावर जाळी येते आणि ती लेसरने काही मिनिटांत साफ होते. मोतीबिंदू पुन्हा येत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला, तेव्हापासून सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. तुम्हाला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे. यवतमाळ, अकोला, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिबिरात जायला हरकत नाही, पण ऑपरेशन रुग्णालयातच होणार ना आणि दुसऱ्या दिवशी डोळा कोण तपासणार, हे दोन प्रश्न विचारूनच नाव नोंदवा.

प्रश्न: नातवाने खर्र्याच्या चुन्याची ट्यूब दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. अशा वेळी लगेच काय करावं? फवारणीचं औषध उडालं तर?
(आजोबा, ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर: धुवा. दवाखाना शोधायच्या आधी, फोन करायच्या आधी, धुवा. चुना अल्कली असतो. तो पडद्याच्या आत आत शिरत जातो, दर मिनिटाला इजा वाढते. मुलाला मांडीवर आडवं घ्या, डोकं दुखऱ्या बाजूला कलतं करा, म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दुसऱ्याने दोन बोटांनी पापण्या उघड्या धराव्यात आणि तांब्याने नाकाच्या बाजूकडून बाहेर धार सोडावी. हांड्यातलं, नळाचं, विहिरीचं, जे पाणी असेल ते. उकळलेल्या पाण्यासाठी थांबू नका. निदान अर्धा तास. मूल रडतं म्हणून पाच मिनिटांत थांबणं हीच चूक सगळीकडे होते. पापणीच्या आत चुन्याचे कण चिकटलेले राहतात, ते ओल्या कापसाने टिपून काढा, नाहीतर धुतल्यानंतरही जळणं चालूच राहतं. चुन्यावर लिंबू किंवा व्हिनेगर टाकू नका. मग थेट दवाखाना, गाडी नसेल तर 108.

फवारणीचं औषध उडालं तर पंधरा-वीस मिनिटं तसंच धुवायचं, अंगावरचे कपडे बदलायचे, अंग साबणाने धुवायचं आणि डबा दवाखान्यात बरोबर न्यायचा, कारण उपचार औषधाच्या नावावर ठरतो. धूसर दिसणं, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक होणं, घाम, लाळ, उलटी ही विष अंगात भिनल्याची खूण आहे, नुसत्या डोळ्याचं दुखणं समजू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. पाठीवर वारा घेऊन फवारा, आणि गॉगल लावा. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की फवारा चेहऱ्यावरच येतो.

चुन्याची ट्यूब आणि डबी मुलांच्या हाताला लागेल अशी कोनाड्यात ठेवू नका.

प्रश्न: वय 44. पेपर लांब धरावा लागतो. बाजारात दोनशे रुपयांचा तयार चष्मा मिळतो, चालेल का?
(शिक्षिका, ता. चिखली, जि. बुलडाणा)

उत्तर: वाचनापुरता चालेल, पण एकदा तपासणी करून. चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं स्पष्ट दिसायला अधिकचा नंबर लागतो. साधारण चाळीसला +1, पंचेचाळीसला +1.5, पन्नाशीत +2, साठीत +2.5 च्या आसपास. तयार चष्म्याने डोळे बिघडत नाहीत. पण दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा दूरचाही नंबर असेल, तर तो जमत नाही, डोकं दुखतं. खरा तोटा वेगळाच आहे. चष्मा बाजारातून आणला की डोळे तपासायचे राहून जातात, आणि चाळिशीनंतरच काचबिंदू लपून वाढतो. त्यात दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, कडेची जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल तर दरवर्षी दाब मोजून घ्या आणि डोळ्याची नस बघून घ्या. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात ते विचारून जा.

आणि साठीनंतर अचानक बिनचष्म्याचं वाचता येऊ लागलं तर आनंद मानू नका, बहुधा मोतीबिंदू सुरू झालेला असतो.

प्रश्न: मुलगा पाच वर्षांचा, डावा डोळा तिरळा. सासूबाई म्हणतात, हे भाग्याचं लक्षण आहे, मोठेपणी आपोआप सुटेल.
(ता. देसाईगंज, जि. गडचिरोली)

उत्तर: ताई, मोठेपणाची वाट पाहू नका. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाचे डोळे कधीमधी वाकडे होतात, ते ठीक. त्यानंतरचा तिरळेपणा आपोआप जातो असं धरून चालू नये. मेंदूला दोन वेगळी चित्रं येतात, म्हणून तो तिरळ्या डोळ्याचं चित्र बाजूला सारतो. वापर न झाल्याने तो डोळा मंद होतो, मग चष्मा लावूनही दिसत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत उपचाराला चांगलं यश येतं, नंतर अवघड होत जातं. आधी बाहुली मोठी करून नंबर काढतात, चष्मा देतात, आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी लावतात. मूल पट्टी काढून टाकतं, रडतं. तेवढा वेळ त्याच्या आवडीचं चित्र रंगवायला बसवा. काही मुलांचा डोळा चष्म्यानेच सरळ होतो, काहींना स्नायूंचं ऑपरेशन लागतं. सासूबाईंना सोबत न्या, डॉक्टरांकडून ऐकलं की घरात पट्टी टिकते.

बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, विशेषतः फ्लॅशने काढलेल्या फोटोत, तर एक दिवसही थांबू नका. तो डोळ्यातला कर्करोग असू शकतो आणि वेळेत सापडला तर मूल वाचतं.

प्रश्न: शुगर सहा वर्षांपासून आहे, पण दिसतं एकदम स्वच्छ. दरवर्षी डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासायला का सांगतात?
(ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर: कारण पडद्यावरचा बिघाड बराच पुढे गेल्यावरच नजरेला कळतो. लेसर आणि इंजेक्शन उरलेली नजर राखतात, गेलेली पूर्ण परत येईलच असं नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झालं त्याच वर्षी पहिली तपासणी, मग दरवर्षी. बाहुली मोठी करण्याचा थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही, उजेड खुपतो. गाडी चालवायला कुणाला तरी सोबत घ्या.

प्रश्न: मुलीला सिकलसेल आहे. डोळ्यांचा काही संबंध येतो का?
(ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर: येतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. दहाव्या वर्षापासून पडदा तपासत राहा, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले तर लगेच. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: चेंडू, विटी किंवा काठी डोळ्याला लागली आणि आत रक्त साचलं, तर डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड आधी दाखवा. नुसता वाहक असला तरीसुद्धा. साचलेलं रक्त अशा डोळ्यात दाब लवकर वाढवतं आणि दाबाची काही नेहमीची औषधं अशा रुग्णांत टाळावी लागतात.

प्रश्न: दोन-तीन प्रकारचे थेंब दिले आहेत. टाकले की गालावर ओघळतात. किती टाकावे?
(ता. तिरोडा, जि. गोंदिया)

उत्तर: एकावेळी एकच थेंब. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावतच नाही, दुसरा गालावरच येणार. हात साबणाने धुवा, मान मागे घ्या, खालची पापणी बोटाने खाली ओढून जी खोबण होते तिच्यात थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. दुसरा थेंब पाच मिनिटांनी, मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि एक महिन्याने उरलं-सुरलं औषध फेकून द्या. वर्षभरापूर्वी डोळे आले तेव्हाची बाटली फळीवर असेल तर तीसुद्धा.